पंचेचाळीस आणि तीस

गढ्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायका काकाजींना लांबूनच ओळखायच्या आणि वांग्यांवर पोतं ओढायच्या. काकाजींच्या खाकी कोटाच्या डाव्या खिशात पांढरा खडू असे, उजव्यात लाल, आणि हात कोणत्या खिशात जाईल याचा नेम नसे. वांगं उचलायचं, डोळ्यांजवळ नेऊन गोल फिरवायचं, देठाशी फुंकर मारायची आणि मनास आलं नाही की त्यावर लाल फुली ओढून पुन्हा ढिगात ठेवायचं. विकत घ्यायचं नाही ते नाहीच, वर ही फुली. "ओ जाँच बाबू, मेरे भटे काहे बिगाड़ रहे हो?" म्हणून बाई ओरडे. काकाजी थंडपणे म्हणत, "बिगड़ा तो पहले से था, बाई. मैंने सिर्फ लिख दिया."

सारा जन्म त्यांनी फॅक्टरीच्या तपासणी खात्यात काढला होता. तोफगोळ्यांवर माप लावायचं, बसलं तर पांढरी खूण, नाही बसलं तर लाल फुली. ते निवृत्त झाले तेव्हा बाजाराला धडकी भरली, कारण आता हा माणूस दिवसभर मोकळा. पण एक युद्ध होऊन गेलं होतं आणि दुसरं दारात उभं होतं. फॅक्टरी तिन्ही पाळ्यांत चालू लागली, जुन्या माणसांना परत बोलावणी गेली आणि काकाजी पुन्हा सायकलवर टांग टाकून कामाला जाऊ लागले. भाजीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ते आमच्या घरापासून दोन दारं सोडून राहत. दिवाळीत काकू लाडू वळायला बसल्या की काकाजी कुठूनशी एक पोलादी कडी आणत आणि प्रत्येक लाडू तिच्यातून घालून पाहत. अडकला तो बाजूला. काकू वैतागून म्हणत, "अहो, खायचे आहेत की तोफेत घालायचे आहेत?" अडकलेले लाडू आम्हा मुलांच्या वाट्याला येत, त्यामुळे आम्ही काकूंना हळूच सांगायचो, थोडे मोठे वळा.

दुसऱ्यांच्या मालाला लागू असलेला नियम त्यांना स्वतःलाही लागू होता. "ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाही," हा त्यांचा पहिला मंत्र. त्यामुळे रोज सकाळी दाढी झाली की ते तोंडावर साबणाचे ठिपके घेऊन आमच्या दारात उभे राहत आणि आईला म्हणत, "वहिनी, बघा बरं जरा." आई चुलीपासूनच मान वळवून सांगे, "डाव्या कानाखाली राहिलं, काकाजी." तसे ते परत जात. आईला याचं काही वाटेनासं झालं होतं. नवीन पाहुण्यांची मात्र पाचावर धारण बसे.

आणि ते चुकत नसत असं समजू नका. गल्लीतल्या एका मुलीला मझौलीचं स्थळ आलं. मुलगा पाहायला सगळे जमलेले असताना काकाजींनी त्याला तीन प्रश्न विचारले आणि जाताना त्याच्या ट्रंकेवर लाल फुली ओढली. लग्न तरीही झालं. तो जावई इतका गुणी निघाला की सासरेबुवा अजून त्याचं नाव घेऊन शपथ खातात. पण काकाजींनी फुली मागे घेतली नाही. एकदा नाकारलेला माल परत घ्यायचा नाही, हा मंत्र क्रमांक दोन. "अच्छा, आता बरा असंल तो," इतकंच म्हणायचे.

मी विमान शिकायला नागपूरला मामाकडे गेले तेव्हा गढ्यात एकच विषय होता. पोट्टी विमान चालवून राहिली? तिच्याशी लग्न कोण करंल? बाप फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कारकून आणि पोरीला आभाळ हवं! मी सुट्टीत आले की बायका माझ्याकडे असं पाहायच्या, जणू मला काही लागण झाली आहे. काकाजींनी या सगळ्यांत एकदाही 'मुलगी असून' हे दोन शब्द तोंडातून काढले नाहीत. विमानांची त्यांना स्वतःला भीती वाटे, वरून आवाज आला तरी ते मान वर करत नसत. पण लायसन्स मिळून मी घरी आले तेव्हा सगळी गल्ली पेढे खात असताना ते एकटे म्हणाले, "दाखव." दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडात धरलं आणि परत दिलं. काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी आहे ती, कौतुक करा." त्यावर ते म्हणाले, "मापाला काय समजते माल कोणी बनवला? बसते की नाही, एवढंच समजते."

त्या वाक्यासाठी मी त्यांच्या सगळ्या फुल्या माफ केल्या होत्या. पुढे त्यांनीच मला सगळ्यांत मोठी फुली दिली, ती गोष्ट आता सांगते.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि विमान कंपनीचं पत्र आलं. मुलाखत, मुंबईला, आठवड्यावर. पोस्टमन "तार नहीं है, घबराओ मत" म्हणेपर्यंत मी लिफाफा फाडलासुद्धा. मी अंगणात इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या घरात कुणाला तरी वाटलं युद्ध सुरू झालं. आईनं पत्र देवापुढे ठेवलं. ते ठेवलंच, वर माझ्या लॉगबुकाच्या निळ्या पुठ्ठ्यालाही हळदकुंकू लावलं. मी आईवर खेकसले आणि पाठोपाठ तिच्या गळ्यात पडून रडले. त्या आठवड्यात माझं सगळं असंच चाललं होतं, भूक लागे पण घास उतरत नसे.

पत्रासोबत एक लांबलचक यादी होती. मूळ लायसन्स, रेडिओचं लायसन्स, डॉक्टरी दाखला, शाळा-कॉलेजाची प्रमाणपत्रं, प्रत्येकाच्या टाइप केलेल्या नकला आणि त्या नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लॉगबुक. वैमानिकाचं लॉगबुक म्हणजे त्याची सारी कमाई. कोणत्या दिवशी, कोणतं विमान, कुठून कुठे, किती वेळ उडवलं, हे ओळीनं लिहायचं, पानाखाली बेरीज करायची आणि ती पुढच्या पानावर न्यायची. कंपनीची किमान तासांची अट होती आणि माझे तास त्याहून थोडेसेच जास्त होते. शेवटची काही उड्डाणं मी मामीच्या पाटल्या गहाण ठेवून केली होती, म्हणून त्यातला एकेक तास मला तोंडपाठ होता.

नकला गोहलपुरातल्या टायपिंगवाल्या भैयानं करून दिल्या. मुलगी पायलट आहे कळल्यावर तो प्रत्येक पान संपलं की उठून मला सलाम करी, त्यामुळे काम दुप्पट वेळ चाललं. सही मात्र अडली. फॅक्टरीतले सगळे अधिकारी युद्धाच्या गडबडीत, एकालाही मान वर करायला वेळ नाही. तपासणी खात्याचे मोठे साहेब तयार झाले, पण त्यांनी बाबांना सांगितलं, "काकाजींनी पाहिलेलं असेल तर डोळे मिटून सही करतो. मला वाचायला वेळ नाही."

म्हणजे घोडं काकाजींच्या दारात येऊन उभं राहिलं. मी नवीन कापडी फाइलमध्ये सगळं नीट लावून, मधे लॉगबुक ठेवून त्यांना देऊन आले. काकाजी कागद नेहमी शेवटच्या पानापासून पहिल्याकडे तपासत. "सरळ वाचलं की डोळा सवयीनं पुढं पळते, उलटं वाचलं की अडते," असं त्यांचं म्हणणं. ते खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "जा आता. ज्यानं बनवलं त्यानं समोर थांबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि काकाजी घरी न जाता तडक आमच्याकडे आले. फाइल त्यांनी काखेत घट्ट धरली होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाबांना म्हणाले, "भाऊ, मी तुमच्या घरी जेवलेला माणूस आहे. पण हे पास नाही होत."

बाबांनी लॉगबुक उघडलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल फुली.

"पोरीनं तास वाढवले," काकाजी म्हणाले. "पानापानावर. आणि कसे वाढवले पाहा. कुठं चाळीस जास्त, कुठं ऐंशी, कुठं एकशेवीस. चाळीसच्या पटीत. चुकून होत नाही असं, भाऊ. हिशेबानं केलेलं आहे. खरी बेरीज केली तर कंपनीची अट पुरी होत नाही."

मी काही बोलणार तोच बाबांनी पेन्सिल घेतली. त्यांनी पहिल्या दोन ओळी पाहिल्या, शून्य टिंब पंचेचाळीस, शून्य टिंब तीस. बेरीज केली. आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मला अजून सोसत नाही. "पंच्याहत्तर होतात गं," ते हळूच म्हणाले. "तू एक टिंब पंधरा काहून लिहिलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांगते, म्हणजे तुम्हीही बाबांवर रागावणार नाही. फॅक्टरीत सगळं दशांशात चाले. इंचाचे हजार भाग करून मोजणारी माणसं ती. त्यांचा ओव्हरटाइमसुद्धा दशांशातच मांडलेला असे, पाऊण तास म्हणजे शून्य टिंब पंच्याहत्तर. नागपूरच्या आमच्या फ्लाइंग क्लबात मात्र तास लिहून टिंब द्यायचं आणि पुढे मिनिटं लिहायची. पंचेचाळीस मिनिटं आणि तीस मिनिटं, झाला सव्वा तास, एक टिंब पंधरा. ते शंभराला एक धरणार आणि मी साठाला, म्हणून साठाचा तास झाला की दरवेळी त्यांच्या बेरजेपेक्षा माझी बेरीज बरोबर चाळीसनं पुढे जाणार. गल्लीतल्या कुठल्याही शाळामास्तरनं हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या घरात त्या क्षणी फॅक्टरीची दोन माणसं होती आणि दोघांनाही मी चोर वाटत होते.

मी ओरडूनच सांगितलं, "मिनिटं आहेत ती! मिनिटं!" पण काकाजींचा तोंडी सांगण्यावर विश्वास नसे, माल बोलला पाहिजे. मी स्वयंपाकघरात धावले, गजराचं घड्याळ आणलं आणि त्यांच्यापुढे टेबलावर आदळलं. मोठा काटा बारावर आणला. "फिरवा. पंचेचाळीस." त्यांनी मागची चावी धरून काटा नवावर आणला. "आता अजून तीस फिरवा." काटा दहा, अकरा, बारा ओलांडून तीनवर आला. छोटा काटाही आपली जागा सोडून एक घर आणि वर थोडासा सरकला होता.

"किती झाले, काकाजी?"

काकाजींनी काटे मागे नेले आणि स्वतःच पुन्हा फिरवून पाहिलं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मला मात्र एकदम हसू फुटलं, इतकं की मी खालीच बसले.

काकाजी हसले नाहीत. त्यांनी उजव्या खिशातून लाल खडू काढला आणि स्वतःच्या कोटावर, छातीच्या खिशावर, एक मोठी फुली ओढली. मग फाइल टेबलावर ठेवून घरी निघून गेले.

सकाळी ते तसेच फॅक्टरीत गेले. फुलीसकट. साहेबांना म्हणाले, मी रिजेक्ट आहे, मला तपासणीवरून काढा. साहेबांनी कपाळावर हात मारला. गोळ्यांच्या राशी पडल्या होत्या आणि खात्यातला सगळ्यात जुना माणूस छातीवर फुली घेऊन बाकावर बसला होता. इकडे माझी मुंबईची गाडी दुसऱ्या दिवशी. मी त्यांच्या घरी गेले आणि फाइल पुढे केली. "काकाजी, आता तरी पास करा. साहेब तुमच्याशिवाय सही करत नाहीत."

"रिजेक्ट माणसानं पास केलेला माल चालत नाही."

"मग पुसा ती फुली!"

"मी ओढलेली मी पुसू? काय म्हणून राहिली तू?"

काकूंनी आतून भांडं आपटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळत होतं की या माणसाला त्याच्याच कायद्यानं सोडवावं लागणार. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. "ठीक आहे. मग तुमची तपासणी मी करते."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि ताठ बसले. मी लॉगबुक उघडून एकेक पान त्यांच्याकडून तोंडी बेरीज करून घेतलं, शेवटापासून पहिल्याकडे. सुरुवातीला ते अडखळले, मग साठाचा हिशेब असा बसला की माझ्याआधी उत्तर देऊ लागले. शेवटी मी विचारलं, "पंचेचाळीस आणि तीस?" ते म्हणाले, "एक तास पंधरा मिनिटं." मी त्यांच्या डाव्या खिशातून पांढरा खडू काढला आणि कोटावरच्या लाल फुलीशेजारी बरोबरची खूण केली. काकाजी मान वाकवून बराच वेळ ती पाहत राहिले. मग उठले आणि माझे कागद घेऊन सायकलवर बसले. संध्याकाळी सह्या झालेल्या होत्या.

लॉगबुकातल्या लाल फुल्या मात्र राहिल्या. आईनं पावाच्या तुकड्यानं एक पुसून पाहिली, तर गुलाबी डाग आकड्यांवर पसरायला लागला. काकाजी म्हणाले, "शेरा पुसायचा नाही. शेजारी नवा शेरा करायचा." आणि त्यांनी प्रत्येक पानावर पांढऱ्या खडूनं बरोबरची खूण केली. पांढऱ्या पानावर पांढरी!

"ही दिसणार कोणाला, काकाजी?"

"ज्याला पाहायचं आहे त्याला."

स्टेशनावर सैनिकांनी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. आमची गाडी लागेपर्यंत काकाजी फलाटावर डब्यांची चाकं तपासत फिरत होते. निघताना मी खिडकीतून हात बाहेर काढला, मनगट पुढे केलं आणि म्हटलं, "मला नाही का पास करत?"

"तुझे कागद पास केले," ते म्हणाले. "माणूस काम पाहून पास होते. तुझं काम कुठं पाहिलं मी अजून?"

मुंबईत तिघं जण बसले होते. मधल्या कॅप्टनांनी लॉगबुक उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि बोटांकडे पाहिलं. बोटांना गुलाबी भुकटी लागली होती. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "प्रत्येक पानावर ही फुली कसली?" काय झालं कोणास ठाऊक, मी सगळंच सांगून टाकलं. वांगी, लाडू, घड्याळ, छातीवरची फुली, सगळं. तिघांपैकी एक जण तर चष्मा काढून डोळे पुसत होता. मधले कॅप्टन मात्र हसता हसता थांबले आणि म्हणाले, "आणि पास केल्याची खूण?" मी लॉगबुक घेऊन खिडकीकडे तिरकं धरलं. गुळगुळीत पानावर उजेड चमकला आणि त्यात ती खडूची खूण मंद, खडबडीत दिसली. कॅप्टनांनी लॉगबुक माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीशी उभं राहून एकेक पान तसंच तिरकं धरून शेवटपर्यंत पाहिलं. मग विमानाचे प्रश्न सुरू झाले आणि त्यांनी मला अक्षरशः पिळून काढलं.

निवड झाल्याची तार आली तेव्हा फॅक्टरीचे दिवे झाकलेले होते आणि युद्ध खरोखर सुरू झालं होतं. बाबा मात्र रस्त्यानं नाचत आले.

त्यानंतर दर वर्षी मी सुट्टीत गढ्याला आले की काकाजी कोट पुढे करत. फिकट झालेली खूण दाखवत म्हणत, "बघ, चालून राहिलं का अजून?" आम्हा वैमानिकांची वर्षातून दोनदा परीक्षा होते हे ऐकल्यापासून त्यांना स्वतःची वार्षिक तपासणी हवीच असे. मी विचारायचं, पंचेचाळीस आणि तीस? त्यांनी उत्तर द्यायचं. मी नवी खूण करायची. त्यांना विमानात बसवायचे माझे प्रयत्न मात्र फुकट गेले. "तू उडव. मी खालीच बरा," म्हणत.

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. त्यांना गणवेश पाहायचा असे म्हणून मी तशीच गेले, गडद निळा कोट अंगात. काकाजी ओसरीवर खाटेवर बसले होते, उकाड्यातही खाकी कोट चढवून. काकूंनी दारातच सांगितलं होतं, "अलीकडं विसरून राहिले गं ते. मलाही कधी कधी ओळखत नाहीत." पण मला पाहून त्यांनी खिसा पुढे केला. तळहातावर दोन्ही खडू ठेवून माझ्यासमोर धरले.

"पंचेचाळीस आणि तीस, काकाजी?"

"पंच्याहत्तर," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शांतपणे. काकू माझ्यामागून हलकेच म्हणाल्या, "मार गं पांढरी. त्यांना काय समजून राहिलं आता?" माझा हात पांढऱ्या खडूकडे गेलाही. डोळे भरून आले होते, खडू नीट दिसत नव्हते. काकाजी माझ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे पाहत होते.

मी लाल खडू उचलला आणि त्यांच्या खिशावर फुली ओढली.

काकू आत निघून गेल्या. काकाजींनी मान वाकवून ती फुली पाहिली, नेहमीसारखी, बराच वेळ. त्यांना खरंच आठवत नव्हतं की काय, ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी तळहातावरचा पांढरा खडू उचलला, माझं मनगट धरलं आणि निळ्या बाहीवर बरोबरची खूण केली. ती लांबूनही दिसली असती.

"काम पाहिलं," ते म्हणाले.